चिनी शिष्टमंडळाची दुभाषिणी

दोहातल्या व्यापार परिषदांची व्यवस्था मी बघते. चिनी शिष्टमंडळाच्या दुभाषिणीशी माझी ओळख तिथलीच. बाहेर रस्ते भाजून निघत असले तरी ही गरम पाणीच पिणार आणि मला सुनावणार, "सिस्टर, तू बर्फाचं पितेस, म्हणून चिडतेस." हिचे साहेब कितीही ओरडले तरी भाषांतर करताना हिचा आवाज चढत नाही.

परवा आयातीच्या नियमांवरून वाद पेटला आणि तिचे साहेब तडक उठून गेले. बोलणी खलास व्हायची वेळ आली. टेबलावर त्यांचा चष्मा राहिला होता. तो द्यायला मी धावले, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे, सिस्टर. समजूत काढून ते येणार नाहीत. चष्म्यासाठी येतील."

मी चष्मा जागेवर ठेवला आणि खुर्च्या आवरणाऱ्यांना थांबायला सांगितलं.