मेघाचा दोर

साल एकसष्ट, पौष महिना. ठिकाण कोरीट, वहिनींचा ओटा. हजर: शिंपी, वहिनींचा धाकटा दीर आणि मी, ग्रामपंचायतीचा कारकून. दाराच्या आत, सूप घेऊन: वहिनी.

शहाद्याचा तमाशा पाहून आम्ही नुकतेच परतलो होतो. शिंप्यानं तोंड उघडलं आणि आतलं सूप थांबलं.

"थांबा. पयले पडदा सांगा."

ही त्यांची पद्धतच होती. गाणं नंतर, विनोद तर अगदी शेवटी. आधी पडदा, मग दिवे, मग मेघ.

मेघ हे त्या फडाचं वैभव. राजकन्या मेघावर बसून गात गात आकाशातून उतरायची आणि मशालीवर टाकलेल्या राळेचा भपका उडून वीज चमकायची. फड जिथे उतरेल तिथे आम्ही तिघं जायचो आणि पुढे वर्षभर भांडायचो: मेघ शहाद्याचा भारी की नवापूरचा? असले वाद तुमच्याही गावात झाले असतील. आमच्या वादाचा निवाडा मात्र जिच्याकडे होता, तिनं एकही तमाशा पाहिलेला नव्हता. बायकांनी तिकडे जायचं नसे.

दीर म्हणाला, मेघ कापसाचा होता. शिंपी म्हणाला, कापडाचा. आतून वहिनी म्हणाल्या, "कापूस व्हता, आनी राळन्या ठिणग्या उडन्यात, मंग राजकन्या जितीच कशी उतरनी?"

दीर चिडला. "देखाबिगर भांडतस तुम्ही, वहिनी!"

"मंग दखाडा ना!"

ते मी मनावर घेतलं. पुढच्या हंगामात फड आमच्याच शिवेवर उतरला, तेव्हा मॅनेजरला गाठून फक्त बायकांसाठी दुपारचा एक खेळ ठरवला. तो म्हणाला, "उन्हात वीज दिसणार नाही, साहेब." म्हटलं, तरी चमकवा.

अडलं ते वहिनींच्या सासऱ्यांपाशी. "बाया तमाशाले? लोके हासतीन."

दाराआडून, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात उत्तर आलं, "पैसा दीसन हासालेच जातस ना लोके तठे?"

म्हातारा खो खो हसला आणि परवानगी देऊन बसला.

खेळाला पुरुषांना बंदी होती. आम्ही तिघं लांब लिंबाखाली ताटकळत बसलो. खेळ सुटला, बायका गलका करत निघाल्या. वहिनी घरी येऊन आधी तांब्याभर पाणी प्यायल्या.

शिंप्याला राहवेना. "वहिनी, मेघ कसा व्हता?"

"मधमाच अडकना."

आमचे चेहरे पडले. इतक्या वर्षांनी पाहायला मिळालं, आणि मेघच अडकला!

वहिनी सावकाश सांगू लागल्या. कनातीतून ऊन आत आलं होतं, त्यामुळे पडदा मलमलीसारखा झाला आणि मागचं सगळं दिसू लागलं. "चार गडी दोर ओढी ऱ्हायनात. पाय मातीमा रुतेल. ती बाई वर लटकेल, पन गानं थांबनं नही. आनी खाले, डोंगरना चित्रामांगे, त्या बाईनी माय गोधडी पसरीसन उभी. मान वर. पापनी हालत नही." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हले ती दिसनी नही का कधी?"

नव्हती दिसली. शहादा, नवापूर, नंदुरबार, इतके खेळ पाहिले. पोर आकाशातून उतरताना दरवेळी तिथे एक आई उभी असते, हे आम्हा तिघांना ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून ओट्यावर मेघाचा वाद झाला नाही.

"दोर झिजेल शे," एवढंच वहिनी शेवटी म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात त्यांनी मेघासाठी अंबाडीचा नवा दोर वळून घेतला. लिंबाच्या फांदीला भरलं पोतं टांगलं, पोत्यावर दिराला बसवलं आणि चांगले झोके दिले. तो ओरडत होता, "उतारा वं वहिनी!" त्या गाठ न्याहाळत होत्या.

पौषात फड आलाच नाही. कुणी म्हणे गुजरातेत गेला, कुणी म्हणे फुटला. मी शहाद्याला चौकशी केली, नंदुरबारला केली. दर हंगामाला वहिनी विचारायच्या, "उतरना का फड?" गेल्या श्रावणात ताप डोक्यात गेला आणि त्या गेल्या.

काल शिंपी पळत आला. फड नवापूरला उतरलाय, आणि मेघ अजून आहे म्हणे.

दोर अंगणात उन्हाला टाकला आहे. रविवारच्या गाडीनं तो पोहोचवायचा आहे.