वहिनींना लेथ कशाला?

"मला एक मशीन घ्यायचंय," मी म्हणाले.

आमचे हे पोहे खात होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "शिलाईचं?"

"लेथ."

"त्यानं काय होतं?"

"लोखंड सोलता येतं."

त्यांनी पोह्यातला शेंगदाणा बाजूला काढला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. या प्रकारचा धक्का त्यांना पहिल्यांदाच बसत होता.

मी तेव्हा एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. उपकरणांचे पितळी स्क्रू मुलांच्या हातून झिजायचे आणि नवीन मागवले की वर्षभर "मागवलेत" एवढंच उत्तर यायचं. एकदा कंटाळून झिजलेला स्क्रू पर्समध्ये टाकला आणि सातपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका टर्नरच्या शेडमध्ये गेले. त्यानं पितळेची कांडी लेथ मशीनमध्ये धरली, हत्यार टेकवलं आणि सोन्यासारखा कीस वेटोळी घेत खाली पडायला लागला. पंधरा मिनिटांत कोमट स्क्रू माझ्या तळहातावर होता. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजत होते. आपणही त्या करू शकतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मला चैन पडेना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातपुरात बऱ्याच शेडना कुलपं लागत होती आणि फाटकांवर "मशिनरी विकणे आहे" असे खडूनं लिहिलेले पुठ्ठे लटकत होते. म्हणजे माल भरपूर होता. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत लेथ बघितलेला एकही माणूस नव्हता, त्यामुळे सल्ल्यांनाही तोटा नव्हता. कोणी म्हणालं, घ्यायचं तर पंजाबचंच घ्या. कोणी म्हणालं, लोखंडात आता काही राहिलं नाही, त्यापेक्षा चकल्या करून विका. हे सगळे सल्ले यांना देण्यात आले. हे बँकेत कारकून. त्यांनी शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर 'श्री' काढला, खाली 'लेथ' लिहिलं आणि सगळं टिपून घेतलं.

एका रविवारी सातपुरातल्याच दुसऱ्या एका शेडमध्ये मशीन बघायला निघालो, तेव्हा माझे वडीलही बरोबर आले. त्यांचा मखमलाबादकडे मळा होता. पहाटे झेंडू बाजारात टाकून ते तसेच आमच्याकडे आले होते. लेथ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण जन्मभर त्यांनी बैल घेतले-विकले होते.

शेडच्या मालकानं मशीनला नवा करडा रंग दिला होता. यांनी कौतुकानं हात लावला आणि बोट करडं झालं.

"साहेब, एकाच माणसानं वापरलेलं, एकहाती मशीन आहे," मालक यांना म्हणाला. "लोण्यासारखं चालतं."

"घेणार या आहेत," हे म्हणाले.

मालक हसला. "वहिनींना लेथ कशाला?"

यांनी वही उघडून बघितली. "हौस," म्हणाले.

"मग तर हेच घ्या. शिकाऊ माणसाला जुनंच बरं. नव्या मशीनवर चुका झाल्या की आपल्याच निघतात, साहेब. जुन्यावर कोणाची चूक कोणाची, कळतच नाही."

यांनी हे वहीत उतरवून घेतलं.

वडिलांनी मात्र मशीनला एक प्रदक्षिणा घातली. मग बाजूचं झाकण उघडलं, आतल्या चाकांवर वाकले आणि बोटानं एकेक दात चाचपायला लागले.

"शेठ, हे दोन दात नकली हायेत."

"बाबा, पितळ भरलंय त्यात. अस्सल!"

"आमच्या शेजाऱ्यानंबी भरलंय. पण तो त्या दातानं ऊस खात नाय."

मग त्यांनी हत्यार सरकवायचं चाक फिरवलं. चाक चांगलं अर्धं फिरलं तरी पुढचं काही जागचं हलेना. "याला हाक दिली की आधी लय इचार करतंय," वडील म्हणाले. "चालवून दाखवा."

"आज लाइट नाही हो."

वडिलांनी वर बघितलं. आम्हीही बघितलं. पंखा फिरत होता.

मालकानं लोखंडाची कांडी लावली आणि मशीन सुरू केलं. कांडी चकचकीत झाली, यांचे डोळेही चकचकीत झाले. मी पर्समधून व्हर्निअर काढलं. अशा खरेदीला जाताना बायका पर्समध्ये काय नेतात मला ठाऊक नाही, पण मी प्रयोगशाळेचं व्हर्निअर नेलं होतं. कांडीची दोन्ही टोकं मोजली. एक टोक दुसऱ्यापेक्षा जाड होतं आणि व्हर्निअरवर फरक चांगला डोळ्यांत भरण्यासारखा होता.

"वहिनी, एवढं कोण बघतं?"

"मी बघते. मला पगारच त्याचा मिळतो."

त्यानंतर तो पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलायला लागला.

आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर आलो. हे एकदम विरोधात गेले होते. वहीचं पान उलटून त्यांनी 'दोष' असं लिहायलाही घेतलं. मीही हिरमुसले होते. नवीन मशीन आमच्या आवाक्यात नव्हतं आणि हे तर लंगडं निघालं होतं.

वडिलांनी बशीतला चहा संपवला. "बैल म्हातारा हाय, पण मारका नाय. आवाज सरळ हाय, अंगात थरथर नाय. नवीन शिकणाऱ्याला म्हातारा बैलच बरा, पोरी. फक्त भाव तरण्या बैलाचा देऊ नको."

मी आत गेले आणि भाव स्वतः केला. मालकानं सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या जरा वर सौदा ठरला, त्यात हत्यारांची एक पेटीही आली. ठेवायचं कुठं, हा प्रश्न राहिला. यांनी गॅलरी मोजून ठेवली होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि मशीन उचलायला सहा माणसं लागत होती, एवढंच त्यांनी मोजलं नव्हतं. शेवटी ते मळ्यातल्या पंपाच्या खोलीत गेलं. तिथं मशीनला लागणारी तीन फेजची लाइन होती.

पुढचे तीन महिने दर रविवारी मी जाड कांड्या बारीक केल्या आणि बारीक कांड्यांचा कीस केला. पदराचं आणि मशीनचं पटत नाही म्हणून वडिलांचा जुना सदरा घालायचे. तापलेल्या किसाचा एक डाग अजून माझ्या मनगटावर आहे. हळूहळू कळलं, मशीन मापात खोटं बोलतं, पण दर वेळी तेवढंच बोलतं. एवढं समजल्यावर त्याच्याशी निभावून नेता आलं. नोकरीतल्या वरिष्ठांशी मी तसंच निभावत होते.

यांनी मशीनला कधी हात लावला नाही, मात्र पाहुण्यांना ते सगळं समजावून सांगत. "जुन्यावर चूक कोणाची ते कळत नाही," हे वाक्य आता ते स्वतःचं म्हणून वापरत.

कॉलेजसाठी मी चार स्क्रू केले आणि फुकट देऊ केले. कार्यालयानं सांगितलं, फुकट असले तरी तीन ठिकाणची कोटेशनं लागतील.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यातले काका फवारणीच्या पंपाचा तुटलेला पितळी भाग घेऊन आले. असा भाग आता मिळत नाही, असं दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं. पहिला मी बिघडवला. दुसरा सैल झाला. तिसरा त्यांनी तिथंच बसवून पंप मारला, तेव्हा पाण्याचा थेंब गळला नाही.

"कोणी केला?" त्यांनी वडिलांना विचारलं.

"माझ्या पोरीनं."

काकांनी माझ्या सदऱ्याकडे बघितलं, मग मशीनकडे, मग पुन्हा पंप मारून बघितला. "मंग आजून चार करून ठेव, बाई," ते म्हणाले. "माझ्या भावाकडंबी हाच पंप हाय."