प्याऊवरचा गुरुवार

१९८४च्या मे महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, जयपूरच्या शास्त्री नगरात माझ्या आईने भरलेले तीन माठ गल्लीच्या समितीने रस्त्यावर फोडले. मी चौदा वर्षांची होते. मी तिथे होते.

माठ प्याऊचे होते. उन्हाळ्यात तिकडे कोपऱ्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजतात. गल्लीतल्या बायकांनी वार वाटून घेतले होते. आईकडे गुरुवार. वडील रेल्वेत फिटर. नागपूरहून बदली झाली, क्वार्टर मिळालं नाही, म्हणून भाड्याची खोली. आमच्या आडनावावरून तिथे कुणाला काही कळत नव्हतं. महाराष्ट्रवाले, एवढंच म्हणत. पाच गुरुवार सगळी गल्ली आईच्या हातचं पाणी प्यायली.

आदल्या दिवशी, बुधवारी, समोरच्या घरात एका बँक अधिकाऱ्याची बायको राहायला आली. पुण्याची. सात महिन्यांत आईला शेजारी पहिल्यांदा मराठी ऐकू आली. तिने त्या बाईंना हात धरून घरात आणलं, चहा टाकला. बाईंनी भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली. विचारलं, "नागपूरचे म्हणजे, तुम्ही नेमके कोण?"

"आमी बौद्ध," आई हसत म्हणाली.

बाईंना उपास आठवला. चहा तसाच राहिला.

गुरुवारी आठ वाजता समितीचे सचिव आले. निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. त्यांच्याबरोबरच्या दोघांनी माठ उचलून आपटले. पाणी नालीपर्यंत गेलं. बायका दारांत उभ्या होत्या. पाच आठवडे पोटात गेलं ते आता कसं काढायचं, असं एकीने विचारलं. बाकीच्या हसल्या.

मास्टरजी आईशी अतिशय सौम्य बोलले. "बुरा मत मानिए, बहनजी. सेवा सबका हक है. आप सुबह यहाँ झाड़ू लगा दिया कीजिए."

आईने मान हलवली. होकाराची. ती झाडू आणायला घरात निघाली.

मी दारात आडवी उभी राहिले. "तू झाडणार नाहीस."

तिने सगळ्यांसमोर मला थोबाडीत मारली. मी हलले नाही. मास्टरजींना म्हणाले, हे कागदावर लिहून द्या. नाव, कारण, खाली सही.

"ऐसी बातें लिखी नहीं जातीं, बेटी."

मग मी लिहिलं. वहीच्या पानावर, हिंदीत, शाळेत अर्ज शिकवला होता त्या पद्धतीने. कुणी काय केलं, कुणी काय म्हटलं. वडिलांनी ड्युटीवरून आल्यावर ते वाचलं. अजून तीन वर्षं इथंच काढायची आहेत, म्हणाले. फाडून टाक. आईने पान त्यांच्या हातातून घेतलं आणि घडी घालून ठेवलं.

शुक्रवारी ती माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आली. मुन्शीने अर्ज वाचला. तक्रार लिहून घेणं हे त्याचं काम. "पानी ही तो था," म्हणाला आणि कागद परत दिला. शनिवारी पुन्हा गेलो. त्याने वाचलाही नाही. सोमवारी सकाळी घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. त्याच दुपारी आम्ही तिसऱ्यांदा गेलो.

मुन्शी आईकडे बघून म्हणाला, "रोज़ आओगी?"

"रोज," आई म्हणाली.

मंगळवारी दहा वाजता आम्ही दोघी ठाण्यातल्या बाकावर बसलो होतो.