तोरणाखालचे खरेदीखत

रहीमभाईंनी टाक शाईत बुडविला आणि मी म्हणालो, "थांबा."

हा शब्द इतक्या हळू उमटला, की तो कोणालाच ऐकू गेला नाही. मी पुन्हा म्हणालो. मग मात्र अकोल्याच्या कचेरीच्या ओसरीवर सर्वांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला माझ्या धाडसाची भीती वाटली.

रहीमभाई माझे पक्षकार, राहणारे बाळापूरचे. अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे विलायतेला आपला कापूस हवा होता आणि साऱ्या वऱ्हाडाला त्याचा ज्वर चढला होता. अकोल्याला रेल्वेचे स्टेशन होणार, हेही ठरले होते. स्टेशनाच्या वाटेवरील एका खेड्यात जागा घेऊन रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढण्याची यंत्रे, बसवावीत, असा रहीमभाईंचा बेत होता. त्यासाठी त्यांनी बाळापूरचे राहते घर विकले होते. वेचणीपूर्वी शेड उभी राहिली नाही, तर हंगाम गेला आणि घरही गेले.

जागा एका देशमुखांची होती. ते अमरावतीस राहून कापसाचा व्यापार करीत. आणि मी? अर्धे आयुष्य शाळेत व्याकरण शिकवून, केस पिकू लागल्यावर वकिलीची सनद घेतलेला मनुष्य. चारचौघांत बोलताना माझी जीभ अडखळे.

खरेदीखतात चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते, लिहावी लागते. ती स्वतः पाहून लिहावी असे पुस्तकात होते, म्हणून मी त्या सकाळी जागेवर जाऊन आलो होतो. गावाकडील अंगाला सागाचे दोन जाड खांब रोवलेले होते. त्यांच्या माथ्यांवर दोराचे घट्टे पडले होते आणि एका घट्ट्यात आंब्याचे वाळलेले पान अडकलेले होते.

"ताबा केव्हा देणार?" मी देशमुखांना विचारले.

"उद्याच घ्या. पोळ्याच्या पहिले मोकळा करा मले."

"पोळ्याच्या दिवशी द्या. सहीसुद्धा तेथेच, जागेवर करू."

देशमुख ताडकन उठले. "पोळ्याले कोणी खरेदी करते काय, वकीलसाहेब? अमरावतीचा दलाल माह्या दारात बसून हाये. तुमाले नाई पायजे तर तसं सांगा!"

रहीमभाई माझ्यावरच उखडले. "वकीलसाब, तुमी कोणाकून हायेत? घर इकून बसलो मी!"

"तुमच्याकडूनच आहे," मी म्हणालो. "त्या खांबांचे काय, तेवढे यांना विचारा."

देशमुख छत्रीची मूठ पुसू लागले. रहीमभाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिले आणि टाक खाली ठेवला. "मंग माहा इसार वापस द्या." विसाराच्या पैशांतून देशमुखांनी केव्हाच कापूस घेतला होता. नाइलाजाने ते पोळ्याला यायला कबूल झाले.

पोळ्याच्या दुपारी आम्ही जागेवर पोहोचलो. रहीमभाईंचा उत्साह एवढा, की शेडसाठी चुन्याच्या रेषा मारून त्यांनी खुंट्याही ठोकून घेतल्या होत्या. खांबांना आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले होते. इतक्यात घुंगरांचा आवाज उठला. रंगविलेली शिंगे, झुली, ढोल, आणि मागे सारे गाव! बैल सरळ त्या रेषांवर चालून आले. चुना खुरांखाली गेला.

"कोणं ठोकल्या बे खुट्या तोरणाच्या जागेत?" पाटील गरजले. चार तरुण काठ्या घेऊन पुढे सरले. रहीमभाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात गर्दीतून एका म्हाताऱ्याने झडती म्हटली. झडती म्हणजे पोळ्याला तोरणाखाली म्हणायचे टोमण्याचे कवन.

"कापसाले आला भाव, देशमुखाले सुटली हाव,
तोरण इकलं, खांब इकले, आता इकते काय गाव?"

हशा उसळला. देशमुख छत्रीआड झाले. मी मात्र आनंदून गेलो, कारण माझा पुरावा ढोल वाजवीत माझ्यापुढे उभा होता! कायद्यात याला वहिवाट म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे चालत आलेला वापर मालकाच्या एका सहीने पुसला जात नाही. सही झाली असती, तर हे भांडण रहीमभाईंच्या गळ्यात पडले असते.

मी पाटलांपुढे गेलो. काय बोलायचे ते पाठ केले होते, तरी निम्मे विसरलो. एवढे सांगितले, की तोरणापुढील पट्टा खरेदीतून वगळावा आणि तो कायम मोकळा राहील असे खतात लिहावे. शेड मागे सरकेल, तिचे दार पट्ट्याकडे उघडेल. पोळ्याला तेथे बैल उभे राहतील, हंगामात कापसाच्या गाड्या.

"अन् आमचा कापूस?" पाटलांनी विचारले.

"पहिले तुमचा, मंग दुसऱ्याचा!" रहीमभाई ओरडले.

"मंग काठ्या ठेवा रे खाली. सणाच्या दिवशी काय लावलं बे?"

पट्ट्यापुरती किंमत कमी करायला देशमुखांनी फार खळखळ केली नाही. भोवती सारे गाव होते. रिवाजाप्रमाणे तोरण तोडले गेले, बैल उधळले, आणि त्या धुळीत एका बैलगाडीच्या धुरेवर कागद ठेवून सह्या झाल्या. निघताना त्याच म्हाताऱ्याने मला गाठले.

"वकील बोलते अडत अडत, कोट भिजला घामानं,
पर वाट आमची राखली त्यानं, बैल चालले मानानं!"

शेड वेचणीपूर्वी उभी राहिली आणि पहिली गाडी पाटलांचीच लागली.

पुढे जागा घेणारे पुष्कळ जण माझ्याकडे येऊ लागले. ते कागदांची चळत माझ्यापुढे ठेवतात. मी ती वाचतो, पण त्याआधी एक विचारतो: जागा पाहिलीत ती कोणत्या दिवशी? बहुतेकांनी ती रिकामी असतानाच पाहिलेली असते.