नेपच्यून तलावाच्या पाळीवर

पुस्तकातल्या चित्रात सूर्य आणि ग्रह लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे एकमेकांना खेटून असतात. कामठ्याजवळच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि ते चित्र मला कधीच पटलं नाही. यंदा धान कापून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या झाल्या, तशी मी वर्गाला बाहेर काढलं.

बांबूचा मोठा डाला पिवळा रंगवून शाळेच्या फाटकाला बांधला. तो सूर्य. त्या मापाने पृथ्वी भरली वाटाण्याएवढी, गुरू लहानशा कवठाएवढा, नेपच्यून आवळ्याएवढा. अंतरं मुलांनीच गुणाकार करून काढली होती. नेपच्यून पुढच्या गावाच्या तलावावर जातो म्हटल्यावर वर्ग हसला. मी हसले नाही. गणित दोनदा तपासलेलं होतं.

शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने आम्ही निघालो. ग्रहाची जागा आली की काठी रोवायची, तिच्या टोकाला ग्रह बांधायचा. वाटाण्याची पृथ्वी शाळेच्या मैदानाबाहेर पडताच लागली. गुरू लागेपर्यंत मुलांची बडबड थांबली होती. शनीला तर गाव मागे पडलं.

"मॅडम, शाळा सोडून पोरायले वावरात कायले फिरवून राहिल्या?" बांधीचा मालक समोरून आला. त्याचीच मुलगी हातात आवळा घेऊन माझ्याबरोबर चालत होती.

"शनी तुमच्या बांधीत येऊन राहिला, भाऊ."

त्याचा चेहरा उतरला. "नोको नोको. दुसरीकडं गाडा त्याले. आधीच काय कमी तरास हाये?"

मी बोलणार, तेवढ्यात मुलगी पुढे झाली. तिने शाळेकडे बोट दाखवलं. "बाबा, तो डाला सूर्य. त्याच्याजवळ वाटाना हाये, त्याच्यावर आपन सारे. तथून आमी चालून चालून अठी आलो. एवढ्या दुरून हा आपल्याले काय करन?"

तो शाळेकडे बघत राहिला. मग माझ्या हातातली काठी घेऊन त्याने स्वतःच, जरा कडेला, दगडाने ठोकून पक्की केली.

"मधात नोको, बैलं तुडवतीन," म्हणाला आणि आमच्याबरोबर चालू लागला.

तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या उंच बांधावर पोचलो तेव्हा सगळ्यांचे पाय भरून आले होते. मुलीने आवळा लावला, डोळ्यांवर हात धरून मागे पाहिलं आणि हिरमुसली. "मॅडम, सूर्य तं दिसूनच नाही राहिला."

याची तयारी मी करून आले होते. शाळेत थांबलेल्या सहकारी बाईंना फोन लावला. त्यांनी फाटकाशी आरसा धरला आणि हळूहळू वळवला. बराच वेळ काहीच नाही. मग दूर, झाडांच्या रेघेखाली, सुईच्या टोकाएवढा लखलखाट झाला.

"दिसला! दिसला!" सगळी पाळ नाचायला लागली. मुलीने बापाचा हात घट्ट धरला होता. इतक्या वर्षांत फळ्यावर काढलेल्या कुठल्याच वर्तुळाने हे केलं नव्हतं.

बापाने मात्र उलट्या दिशेला, तलावापलीकडे पाहिलं. "याच्या समोरचा तारा कुठी येते, मॅडम?"

"याच मापाने सगळ्यांत जवळच्या ताऱ्याकडे गेलो तर खऱ्या पृथ्वीला पाऊण फेरा मारावा लागेल, भाऊ."

"मंग आधी जेवून घ्या. घर बाजूलेच हाये," तो म्हणाला आणि उतारावरून पुढे निघालासुद्धा.