डब्याला कसली थंडी

कपॅसिटर म्हणजे विजेचा रांजण, असं नेमके गिऱ्हाइकाला समजावत. बारीक धारेनं भरायचा आणि गरज पडली की एकदम पालथा करायचा. नेमके हे काही त्यांचं आडनाव नव्हे, लोकांनी ठेवलेलं नाव. फोटोवाल्याचा फ्लॅश असो की वेल्डिंगचं मशीन, क्षणभराच्या झटक्याला जेवढी वीज लागेल तेवढ्याच क्षमतेचा कपॅसिटर ते बसवत, रतीभर जास्त नाही. "मोठा बसवणारे हिशेबाला घाबरतात," असं म्हणून बाकीच्या दुकानदारांची टर उडवत. बायको म्हणायची, "यांचा शर्टसुद्धा श्वास घ्यायला जागा न ठेवता शिवलेला असतो."

तिचा धाकटा भाऊ कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. तिथल्या दाराची कडी विजेवर चाले. वीज गेली तरी आतल्या माणसानं बटण दाबताच ती मागे सरकावी, म्हणून कपॅसिटरचा डबा हवा होता. मेहुण्यानं ते काम भावजींना मिळवून दिलं. नेमक्यांनी दुकानातल्या टेबलावर कडी जोडून पाहिली. दर वेळी खटकन मागे.

बसवायच्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. "भावजी, बाहेर ढकलगाड्या आपटतात. डबा आतच लावला तर चालेल ना?"

"लाव की. डब्याला कसली थंडी वाजतेय? स्वेटर तू घाल म्हणजे झालं."

दोघंही हसले.

पुढे एका दुपारी वीज गेली, तेव्हा मेहुणा आत एकटाच खोकी रचत होता. त्यानं बटण दाबलं. कडी अर्धवट सरकली आणि थांबली. पुन्हा दाबलं, पण रांजण रिकामा झाला होता. जाड हातमोज्यांत कडी धरता येईना, म्हणून त्यानं उजवा मोजा काढला आणि उघड्या हातानं त्या गार लोखंडाशी झटत राहिला. बाहेरच्यांना वाटलं, गडी जेवायला गेला असेल. अखेर पहारीनं दार फोडलं. जीव वाचला, उजव्या हाताची बोटं मात्र कापावी लागली. अंगठा तेवढा राहिला.

कडी गंजली असेल, असं मॅनेजर म्हणाला. नेमक्यांनी डबा आणि कडी घरी आणली, फ्रीजरमधलं सगळं बाहेर काढलं आणि कपॅसिटर आत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो कडीला जोडला. कडी अर्धी सरकली. गारठ्यात रांजणाचं तोंड आवळतं, झटक्यासरशी वीज बाहेर पडत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण हिशेब टेबलावरचा होता आणि टेबल उबेत होतं.

"काय निघालं?" दारातून बायकोनं विचारलं.

"थंडी वाजते त्याला."

ती आत आली, वितळलेल्या पिशव्या उचलून कचऱ्यात टाकल्या आणि फ्रीजरचं दार लावलं. त्यानंतर तिनं शर्टाची थट्टा कधी केली नाही.

मेहुणा आता दुकानातच बसतो, डाव्या हातानं तारांना सोल्डरचा डाग द्यायला शिकतोय. परवा एका दाराचं काम आलं. नेमक्यांनी दुप्पट क्षमतेचा कपॅसिटर काढून समोर ठेवला.

"एवढा मोठा कशाला, भावजी? हिशेबाला घाबरलात काय?"

"घाबरलो," नेमके म्हणाले आणि त्याला डाग देता यावा म्हणून तारेचं टोक धरून बसले.