खोडलेली ओळ

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही. तुम्हाला सांगतेय, आणि सांगताना मला हसू येतंय — लाज वाटते ती त्याचीच.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचात माझं टायपिंगचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. माहितीचा अधिकार तेव्हा नवा नवा आला होता आणि अर्ज-अपिलांना नुसता ऊत आला होता. आमच्या धंद्याचा धर्म एकच — गिऱ्हाइकाचा कागद वाचायचा नाही. पण वाचल्याशिवाय टाईप होतं का हो?

जनाबाई बारवी धरणाजवळच्या पाड्यावरची. धरणाचं पाणी आम्हा शहरवाल्यांच्या नळाला, आणि तिच्या पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन ओढ्यावर. कागदोपत्री मात्र तिथे नळ बसून दोन वर्षं झाली होती! तिने त्या कामाची मोजमाप पुस्तिका मागितली — किती पाइप टाकले, कुठे टाकले, ते त्यात लिहिलेलं असतं. उत्तर आलं, पुस्तिका सापडत नाही. पहिलं अपील फेटाळलं गेलं. दुसऱ्या अपिलाची सुनावणी तोंडावर आली तेव्हा ती माझ्याकडे आली.

"बाय, पानी आमच्या दारावरनं जातं, पन हंड्यात काय येत न्हाय. तूच लिव काय ते."

मी लेखी युक्तिवाद लिहिला. चांगला दोन पानं, रडका. पण रडून कुणी अपील जिंकलंय का?

आणि त्याच आठवड्यात — बागुलभाऊ आले. ज्या कार्यालयाविरुद्ध अपील होतं, तिथलेच कारकून. अगदी देवमाणूस, येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चिक्की आणायचे. त्यांच्याकडचा कॉम्प्युटर बंद पडलेला, म्हणून अपील ऐकणाऱ्या माहिती आयोगाला द्यायचा साहेबांचा खुलासा माझ्याकडे. हाताने लिहिलेला मसुदा, आणि त्यातली एक ओळ खोडलेली.

"मॅडम, खोडलेलं सोडा, बाकी जसंच्या तसं. वाचत नाही ना तुम्ही?"

"छे हो भाऊ, आमची नुसती बोटं चालतात."

धडधडीत खोटं. ओळ एकाच रेघेने खोडलेली, स्वच्छ वाचता येत होती — पुस्तिका लेखापरीक्षणासाठी गेली होती, ती परत आली आहे.

भाऊ दुकानाची पायरी उतरले असतील-नसतील, मी जनाबाईचा युक्तिवाद उघडला. रडगाणं सगळं पुसलं. लिहिलं — पुस्तिका लेखापरीक्षणाला गेली असल्यास ती परत आली का, हे पाहण्यासाठी कार्यालयाची आवक नोंदवही आयोगाने मागवावी. लिहिताना काय मजा आली म्हणून सांगू! दुसऱ्याच्या पानातली पुरणपोळी उचलावी तशी.

नोंदवही आली, पुस्तिका निघाली, सगळं पितळ उघडं पडलं. पुढे पाड्यावर खरोखरचे पाइप पडले. नळ सुरू झाला त्या दिवशी जनाबाईने मला बोलावून घेतलं आणि पहिला तांब्या माझ्या डोक्यावर ओतला. बायका खिदळत होत्या, मी नखशिखांत भिजले होते. इतकी खूश मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

त्या पाण्याबद्दल मला रुखरुख नाही, कधी वाटणारही नाही. पण —

पण महिनाभराने बागुलभाऊ पुन्हा आले. चिक्की ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "साहेब सोडले तर मसुदा दोघांनीच पाहिला होता, मॅडम. मी आणि तांडेलने." तांडेल म्हणजे शेजारच्या टेबलावरचा त्यांचा मित्र. पंधरा वर्षं दोघं एका डब्यात जेवत होते.

"आता मी वेगळा जेवतो, मॅडम. घरातलाच माणूस फितूर निघाला, काय बोलणार?"

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं.

मी म्हटलं, "असतात हो भाऊ अशी माणसं." आणि त्यांची चिक्की खाल्ली. गोड लागली.